न कुटलेलं कापड

एल्मफर्ड गावाचं केझाया पार्मेंटरकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते एका रविवारी, प्रार्थनाघरात, प्रवचन ऐन रंगात आलेलं असताना. तोवर ती पिंपं बनवणाऱ्या पार्मेंटरची बायको होती, इतकंच. तिच्या पुढच्या बाकावर पंचांच्या बाई नवा झगा घालून बसल्या होत्या. केझायाने वाकून त्यांच्या खांद्यावरचं कापड दोन बोटांत धरलं, चोळलं, आणि शेजारणीच्या कानाशी लागून एकच वाक्य बोलली. नेमके त्याच क्षणी पाद्रीबाबा श्वास घ्यायला थांबले होते.

"विलायती आहे."

सगळ्या माना वळल्या. राजाच्या पार्लमेंटने नवे कर लादले होते, आणि त्याला उत्तर म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या गावागावांनी शपथ घेतली होती, की इंग्लंडचा माल घरात आणायचा नाही. आपण कातायचं, आपण विणायचं, तेच अंगावर घालायचं. एल्मफर्डच्या शपथेवर पहिली सही पंचांचीच होती.

"जुना आहे हो. आईचा होता," पंचांच्या बाई पुटपुटल्या.

"तुमच्या आईला जाऊन अकरा वर्षं झाली," केझाया म्हणाली, "आणि हे तर अजून दुकानातल्या घडीवरून उलगडलेलंही नाही नीट."

त्या दिवसापासून केझायाच्या बोटांना गावात मान मिळाला. पाद्रीबाबांच्या अंगणात चाळीस बायका चरखे घेऊन कातायला बसत, तेव्हा सूत तिच्याकडे तपासायला येई. ती डोळे मिटून सूत बोटांतून जाऊ द्यायची आणि म्हणायची, "इथे तुझं लक्ष नव्हतं." आणि खरोखरच तिथे लक्ष नसायचं; पोर रडलेलं असायचं किंवा नवऱ्याने हाक मारलेली असायची. बायका तिला थोड्या भीत, तिच्यावर थोड्या हसत, आणि आपलं कापड मात्र तिलाच दाखवत. ती कोणाची भीड ठेवत नसे. सगळं पुढे घडलं ते याच मुलुखात आणि याच बोटांनी, म्हणून हे आधी सांगितलं.

नवरा तापाने गेला तेव्हा तिला एक मुलगी होती, लोइस. आणि स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या कोपऱ्यात एक माग होता. मागावर दोघी जगल्या.

सतराशे पंचाहत्तरच्या वसंतात लढाई पेटली. गावातले सतरा जण बंदुका घेऊन बॉस्टनकडे गेले आणि राजाच्या फौजेला वेढा घालून बसलेल्या हजारो शेतकऱ्यांत मिसळले. उन्हाळ्यात कोणीतरी विचार केला, की ही माणसं अंगावरच्या सदऱ्यांवर निघून आली आहेत आणि पुढे हिवाळा आहे. मग प्रांताच्या सभेचा हुकूम निघाला: तेरा हजार कोट हवेत. प्रत्येक गावाला वाटा ठरला. एल्मफर्डच्या वाट्याला एकतीस आले.

पंचांनी प्रार्थनाघराच्या पायरीवर उभं राहून हुकूम वाचला. कोट लोकरीचा, कथिलाची बटणं, आणि आत अस्तराशी एक चिंधी शिवायची. चिंधीवर गावाचं नाव आणि करणाऱ्याचं नाव.

"नाव कशाला?" कोणीतरी विचारलं.

"खराब निघाला तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून," पंच म्हणाले. लोक हसले. केझाया सगळ्यात जोरात हसली.

आता कापडाची गोष्ट अशी, की मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड म्हणजे अर्धंच काम. ते विरळ असतं, उजेडासमोर धरलं तर पलीकडचं दिसतं. ते ओढ्यावरच्या गिरणीत न्यायचं, साबणपाण्यात भिजवायचं आणि लाकडी हातोड्यांखाली तासन्‌तास कुटून घ्यायचं. तेव्हा लोकरीचे धागे एकमेकांत रुततात आणि कापड वारा अडवू लागतं. पण ते आटतंही. दहा वार घालावेत तर सात हाती येतात.

केझायाकडे त्या वर्षी दोन मेंढ्या कमी होत्या. दोन तागे विणून झाले, एक कोटाचा आणि एक लोइसच्या लग्नातल्या झग्याचा. लग्न नोव्हेंबरात ठरलं होतं. नवरामुलगा प्रार्थनाघराचा कारभार पाहणाऱ्या डेकनच्या घरचा, बाप नसलेल्या मुलीला असं घर मिळणं काही रोजचं नव्हतं. त्या घरच्या बायका लोइसच्या खांद्याला हात लावून बघणार, हे केझायाइतकं कोणाला कळत होतं? आटायला धरून झग्याचा तागा लांब विणला, त्यात लोकर संपली; कोटाचा कुटला असता तर अपुरा पडला असता. आणखी लोकर विकत मागावी, तर गावातली सगळी लोकर सैनिकांच्या मोज्यांना गेली होती.

ऑगस्टात ओढ्याला पाणी कमी होतं. गिरणीवर रांग होती. केझाया आपली पाळी आल्यावर एक गाठोडं घेऊन गेली.

गिरणीवाला अमासा स्टोन तिच्या नवऱ्याचा बालमित्र. त्याने गाठोड्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं. "एकच?"

"एकच."

"आणि राजाला पळवून लावायचा कोट कुठाय?"

"त्याचं बघते मी," ती म्हणाली.

तिने बघितलं ते असं. घरी येऊन विरळ ताग्यावर ओली काटेबोंडं घासली. काटेबोंडांनी लोकर वर निघते, लव उभी राहते, आणि हाताला कापड जाड, मऊ, घट्ट लागतं. चार दिवस ती घासत होती. बोटं सोलून निघाली. लोइसने विचारलं, "आई, हे तर कुटल्यावर करतात ना?" तेव्हा ती म्हणाली, "गिरणीवर रांग आहे. ओढ्याला पाणी कमी आहे." दोन्ही वाक्यं खरी होती. ती दोन वाक्यं तिने पुढे कित्येक वर्षं स्वतःशी म्हणून पाहिली, आणि प्रत्येक वेळी तिला त्यात तेच एक गाठोडं दिसलं.

कोट मात्र देखणा झाला. तपकिरी रंग, टाके एकसारखे. पंचांनी हात फिरवला आणि इतर बायकांना बोलावून म्हणाले, "बघा. असा हवा." पंचांच्या बाईंनीही हात लावला. सहा वर्षांपूर्वीचा रविवार त्या विसरल्या नव्हत्या. पण त्यांच्या बोटांना काही कळलं नाही. केझाया त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी होती. त्यांना कळावं असं तिला क्षणभर वाटून गेलं.

आतल्या चिंधीवर तिने काळ्या धाग्याने भरलं होतं: केझाया पार्मेंटर, एल्मफर्ड.

कोट बैलगाडीतून गेले. नोव्हेंबरात लोइसचं लग्न झालं. डेकनच्या घरच्या बायकांनी झग्याला हात लावला आणि माना डोलावल्या. बर्फ पडायला लागलं तेव्हा केझाया अंथरुणात पडून वाऱ्याचा आवाज ऐकायची. तो कोट कोणाच्या अंगावर असेल, याचा विचार ती करत नसे, असं ती स्वतःला सांगायची.

वर्ष गेलं, दुसरं आलं. बॉस्टन मोकळं झालं, मग न्यूयॉर्क हातचं गेलं. फिलाडेल्फियाहून स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला, तो पाद्रीबाबांनी वाचला. सतरापैकी चौघे परत आले नाहीत. आणि सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात खाऱ्या मासळीची गाडी गावात आली.

समुद्रकाठच्या केप ॲनचे कोळी दर वसंतात वाळवलेला कॉड मासा घेऊन आत यायचे आणि लोणी, लोकर घेऊन जायचे. या खेपेला गाडीवर एक बाई होती. उन्हापाण्याने रापलेली, मोठ्या हाडाची. तिने पहिल्याच घरी विचारलं, "केझाया पार्मेंटर कुठे राहतात?" सगळ्या गल्लीने तिला दार दाखवलं, आणि दोघीतिघी मागोमाग आल्याही.

"मी रुहामा टार," बाई दारातच म्हणाली. "तुम्हीच ना केझायाबाई? नाव वाचून घेतलं पाद्र्याकडून. मला वाचता येत नाही." आणि तिने गाठोड्यातून तो कोट काढला.

केझायाने तो बघितल्याबरोबर ओळखला. लव पार उडून गेली होती.

"माझ्या ॲबनरचा. दोन हिवाळे घातला त्याने. यंदाच्या जानेवारीत गेला पोरगा, न्यू जर्सीच्या डोंगरात छावणी होती तिथे. छातीत कफ भरला. सोबतचा पोरगा हा कोट घेऊन आला, म्हणाला, शेवटपर्यंत अंगावरून काढू देत नव्हता." तिने कोट गालाशी धरला, मग लाजून खाली घेतला. "आमच्याकडे विणत नाहीत हो. जाळी विणतो आम्ही, कापड नाही. म्हटलं, जिने याच्यासाठी एवढं केलं तिला बघून यावं. मी नव्हते तिथे, पण तुम्ही होतात."

मागे उभी असलेली शेजारीण डोळे पुसायला लागली. "आमची केझाया म्हणजे हातच तसा आहे," ती म्हणाली.

केझाया उडालेल्या लवेकडेच बघत राहिली. रुहामाला वाटलं, तिला भरून आलं आहे. तिने एक मोठा वाळका कॉड काढून टेबलावर ठेवला. "मीठ कमी घातलंय, आमच्या घरातल्यासारखा. नाही म्हणू नका. मी पुढच्या गावांना जाते आणि गुरुवारी याच वाटेने परत येते. आल्यावर दोन घटका बसू."

ती गेली. केझायाने मासा धुराड्यापाशी टांगला. तीन दिवस स्वयंपाकघरात समुद्राचा वास येत होता. तिला मासा खाववेना, फेकवेना, आणि कोणाला देऊन टाकणं तर चोरीचा माल वाटल्यासारखं वाटत होतं.

बुधवारी लोइस आली. पोटात सात महिन्यांचं होतं, आणि गार वारा होता म्हणून तिने तोच लग्नातला झगा खांद्यांवरून पांघरला होता. टांगलेला मासा बघून तिने सगळं विचारलं, आणि केझायाने सांगितलं. सांगताना तिने लोइसच्या खांद्याकडे पाहिलं नाही.

लोइसने झगा अंगाशी ओढून घेतला. मग म्हणाली, "कफ तर चांगल्या कोटातल्या माणसालाही होतो, आई. आपल्या गावचे चौघे गेले, त्यांचे कोट चांगले होते."

"होते."

"मग? गुरुवारी तिला बस म्हण, चार घास खाऊ घाल, आणि जाऊ दे. तिला एक चांगली गोष्ट मिळालीय. ती काढून घेऊ नकोस."

"ती चांगली गोष्ट माझ्या नावावर आहे, लोइस."

"नाव, नाव. गावात तुझ्या नावावर तर सगळं चाललंय. ते गेलेलंच तर पंचांच्या बाईंना हवंय ना?"

हे खरं होतं. गावात तिची बोटं चालत, ती त्या एका नावावर. ते गेलं तर उद्या कोण तिला सूत दाखवणार आणि माग कशावर चालणार? केझायाने रात्रभर दोन्ही बाजूंनी विचार केला, आणि सकाळपर्यंत कुठलीच बाजू जड झाली नाही.

गुरुवारी रुहामा आली, बसली, मक्याची भाकर आणि शेंगांचं कालवण जेवली. जेवताना ॲबनरबद्दल बोलत राहिली. तो होडीत गाणी म्हणायचा आणि त्याचा सूर अगदी वाईट होता. "मासे पळून जातात, असं त्याचा बाप म्हणायचा," ती म्हणाली आणि हसली. हसता हसता तिने मांडीवरच्या कोटाची बाही नीट केली.

त्या बाहीवर केझायाची नजर गेली, आणि ती बोलून गेली.

"ते कापड कुटलेलं नाही."

"काय?"

मग तिने सगळं सांगितलं, गिरणी, रांग, काटेबोंडं, झगा. कोट उजेडासमोर धरला. त्यातून खिडकीची चौकट दिसत होती, बाहेरचं झाड दिसत होतं. फक्त डाव्या खांद्यावर, जिथे पडशीचा पट्टा दोन हिवाळे घामापावसात घासला होता, तेवढी एक पट्टी दाट झाली होती. तेवढ्यातून काही दिसत नव्हतं.

रुहामाने ती पट्टी पाहिली, मग उरलेला कोट पाहिला.

"म्हणजे थंडीने गेला?"

"मला माहीत नाही."

"कफाने गेला म्हणाले."

"तसंही असेल. मला खरंच माहीत नाही."

रुहामा उठली. इतका वेळ ती 'तुम्ही' म्हणत होती. "मग मला कशाला सांगितलंस गं? मी काय मागितलं होतं तुझ्याकडे? इतक्या लांबून मी एक बरी गोष्ट घेऊन आले होते. तेवढीच होती माझ्याकडे. तुला हलकं वाटावं म्हणून ती मोडलीस?"

केझायाने कोट परत रुहामाच्या हातात दिला. तिला हलकं वाटत नव्हतं, पण ते सांगण्याचीही सोय नव्हती.

रुहामा दारापर्यंत गेली आणि परत आली. कोट तिने टेबलावर टाकला, आधी मासा ठेवला होता त्या जागी. "उसव," ती म्हणाली. "उसव आणि आता कूट. मला धाकटी आहे, डॉर्कस. नऊ वर्षांची. किनाऱ्यावर मांडवावर वाळत घातलेले मासे पालटत असते दिवसभर, वाऱ्यात. आटून तिच्यापुरतं तरी होईल ना?"

"होईल."

"ऑक्टोबरात येईन न्यायला. आणि आत नाव नको."

ती गाडीवर चढली. बैल हाकलेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

उसवायला केझायाला दोन दिवस लागले. तिचेच टाके होते आणि ते पक्के होते. मग ती तुकडे घेऊन भर दुपारी गिरणीवर गेली. मे महिना, ओढा दुथडी वाहत होता, हातोडे धडाधड चालले होते. रांगेत पाचसहा बायका होत्या. कोटाची बाही कोणालाही ओळखू आली असती, आणि झालंही तसंच.

"हा तर तुझा कोट, केझाया! आता कुटतेस?" एकीने विचारलं.

"तेव्हा कुटला नव्हता," केझाया म्हणाली.

हातोड्यांच्या आवाजात सगळ्यांना ऐकू गेलं नसेल. पण संध्याकाळपर्यंत गावात सगळ्यांना माहीत होतं.

अमासाने तुकडे घेतले, कुंडात टाकले आणि हात पुसत म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"त्या वर्षी एकतीस कोटांचं कापड यायला हवं होतं. तीस आलं. मोजायला मला बोटं पुरतात. एक कोणाचं राहिलं तेही कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

अमासाने पाण्याचं दार थोडं आणखी उघडलं. "काय बोलणार? पंच खूश, गाड्या भरलेल्या, सगळं गाव 'स्वातंत्र्य, स्वातंत्र्य' करत होतं. आणि तू पार्मेंटरची बायको. म्हटलं, एक कोट. तेरा हजारांत एक." त्याने कुंडातलं कापड काठीने उलटलं. "मला वाटलं होतं, कोणाच्या अंगावर आला ते कधी कळणार नाही. गेली दोन वर्षं मी पण त्याच भरवशावर झोपलो."

तिला वाटलं होतं, दुसऱ्या कोणाला आधीच माहीत असेल तर ओझं दोघांत वाटलं जाईल. तसं झालं नाही. दोघांकडे पूर्णच्या पूर्ण होतं.

संध्याकाळी कुंडातून कापड निघालं ते दाट, जड, आणि इतकं लहान, की तिने पसरलं तेव्हा तिला आधी वाटलं, एक तुकडा आत राहिला. एका मोठ्या पुरुषाचं कापड नऊ वर्षांच्या मुलीपुरतं झालं होतं. तिने त्याची कोपरी शिवली, गळा बंद, बाह्या लांब, वाढत्या अंगाला दोन दुमडी आत सोडून. ऑक्टोबरात रुहामा आली, दारातच उभी राहिली, कोपरी उजेडासमोर धरून पाहिली, आणि घडी घालून घेऊन गेली. "बरी झालीय," एवढंच म्हणाली. पुढच्या वर्षीपासून मासळीची गाडी दुसरंच कोणी आणू लागलं. डॉर्कसला ती कोपरी किती वर्षं पुरली, ते केझायाला कधी कळलं नाही.

गावाने तिला टाकलं नाही. थोडे दिवस कुजबुज झाली. पंचांच्या बाई एका रविवारी मुद्दाम तिच्या पुढच्या बाकावर येऊन बसल्या आणि खांदा जरा मागे सरकवून म्हणाल्या, "बघ हो केझाया, विलायती तर नाही?" केझायाने मान खाली घातली. मग लढाईची मोठी मोठी कामं आली आणि कोटाची गोष्ट मागे पडली. सहा वर्षांनी तह झाला, राजाने हार कबूल केली. टेकडीवर जाळ पेटवले, पिंपं फोडली. पाद्रीबाबांनी आधी मेलेल्यांची नावं वाचायची ठरवली, मग कोट करणाऱ्या एकतीस बायकांची. केझाया आदल्या दिवशी त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "माझं नाव खोडा."

"तीस वाचू?" पाद्रीबाबा म्हणाले. "गावाने एकतीस दिले, केझाया. हुकूम एकतीसचा होता. एका कापडाच्या तुकड्यापायी सगळ्या गावाच्या दिवसाला डाग कशाला?" आणि त्यांनी एकतीस नावं वाचली. तिचं नाव आलं तेव्हा लोकांनी इतरांसारख्याच टाळ्या वाजवल्या. त्यानंतर दर वर्षी जुलैच्या चार तारखेला ती यादी वाचली जाते, आणि दर वर्षी केझाया मांडीवर हात दाबून ते नाव संपण्याची वाट बघते. उसवलेली चिंधी तिच्या दोऱ्यांच्या डब्यात आहे. आई ती कधी काढून बघते असं लोइसने पाहिलेलं नाही, पण फेकूनही देऊ देत नाही, असं ती सांगते.

केझाया आता शहात्तर वर्षांची आहे. डोळ्यांनी फारसं दिसत नाही. अमासा गेला, गिरणी त्याचा जावई चालवतो, आणि कुटायच्या दिवशी केझाया सकाळपासून तिथे दाराशी खुर्ची टाकून बसते. आलेलं प्रत्येक कापड आत जाताना आणि बाहेर येताना तिच्या बोटांखालून जातं. बायका कुरकुरतात, पण ताटकळतात. पुरेसं कुटलं नसेल तर ती परत आत पाठवते, कोणाचं आहे ते विचारत नाही. काल तिने पंचांच्या सुनेचं कापड दोनदा परत पाठवलं.